बर्फ निघून गेल्यावर मातीत काय उरतं? (पर्माफ्रॉस्ट आणि आपली काळी)

वाफसा (परभणी)

सलग किमान दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, एवढं पुस्तकात शिकलो. सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग. तिच्यावरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि दर हिवाळ्यात गोठतो. इथवर ठीक.

अडलंय ते पुढं. अशा मातीचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो पाहिले. बर्फ निघून गेलेला, माती कोरडी, तरी आडवे पापुद्रे एकावर एक रचल्यागत दिसतात. खड्यांच्या फक्त वरच्या अंगाला बारीक मातीची टोपी. मधेमधे गोल पोकळ्या.

माझा हिशोब साधा आहे. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, कणांना ढकलतं. वितळलं की कण परत बसतात. मग या खुणा उरतात कशा? आणि आपली काळीसुद्धा दर साल फुगते-आकसते, तिच्यात असे पापुद्रे का दिसत नाहीत? दोन्हीकडं काम पाण्याचंच. मातीवाले, फिजिक्सवाले, बांधकामवाले, सगळ्यांनी लिहा.

शेंगदाणा

ऐन मे महिन्यात परभणीतून पर्माफ्रॉस्टचा धागा. थंडगार वाटलं, धन्यवाद.

तात्या हिंगोलीकर

कामून डोकं खाऊ लालेत लोकायचं? इथं विहिरीला पाणी नाही अन् तुमी सायबेरियाचा बर्फ मोजायलेत. 😀 पण लिहा लिहा, वाचायलो.

गोदाकाठ (पैठण)

वाफसा सर, ९ टक्क्यांचा हिशोब करूनच बघू. मातीत ४० टक्के पोकळी आहे आणि ती पाण्यानं पूर्ण भरलेली आहे असं धरा. सगळं पाणी गोठलं तरी फुगवटा ४० च्या ९ टक्के, म्हणजे ३.६ टक्के. एक मीटर जाडीच्या थरामागे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात थंड देशांत जमीन याच्या कितीतरी पट वर उचलली जाते, रस्ते कमानीसारखे वाकतात. म्हणजे जास्तीचं पाणी कुठून तरी येतंय.

हे दाखवून दिलं स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकानं, १९२९-३० च्या सुमारास. त्यानं मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ते गोठवलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे उचलण्याचं मुख्य कारण फुगणं नाहीच. गोठणारा थर खालून द्रव ओढून घेतो आणि त्याचे शुद्ध थर साठवत जातो, हे कारण.

पाण्याच्या बाबतीत हे असं घडतं. मातीतलं सगळं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. कणाला चिकटलेला काही नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा पापुद्रा उणे तापमानातही द्रवच राहतो. चिकणमातीत तर उणे ५ अंशांनासुद्धा बरंच पाणी न गोठलेलं असतं. बर्फ आणि कण यांच्या मधला हा पापुद्रा खालचं पाणी शोषून घेतो. ओढ केवढी? शून्याखाली प्रत्येक १ अंशामागे साधारण १२ वातावरणदाब.

रेघोटी

सर, १२ वातावरणदाब?? आम्हाला मृदाशास्त्राच्या तासाला शिकवलंय की १५ ला पीक कायमचं सुकतं, त्यापुढचं पाणी मुळांना ओढता येत नाही. म्हणजे उणे सव्वा अंशालाच गोठलेली माती त्या टोकाला पोहोचली?

गोदाकाठ (पैठण)

बरोबर पकडलंत. ओढीच्या भाषेत तेवढंच. समोर बर्फ ढीगभर असतो, पण त्याला लागून असलेली चिकणमाती वैशाखातल्या रानासारखी कोरडी पडते.

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

धागा बघून राहवलं नाही, हाच माझा रोजचा धंदा आहे. रेघोटी, तुझ्या त्या एका ओळीत वाफसा सरांचं अर्धं उत्तर आलंय.

थंडी वरून खाली उतरत जाते. ती जिथं थोडा वेळ रेंगाळते तिथं बर्फ गोळा होऊन मसुरीच्या दाण्यासारखी चकती तयार होते. आम्ही तिला आइस लेन्स म्हणतो. चकती उष्णतेच्या वाहण्याला आडवी वाढते. उष्णता वर जातेय म्हणून चकती जमिनीला समांतर. तिला लागणारं पाणी खालच्या मातीतून येतं. माती कोरडी पडली की ओघ आटतो, मग गोठणरेषा (गोठलेल्या आणि न गोठलेल्या मातीची सीमा) खाली सरकते आणि पुढची चकती सुरू होते. दोन चकत्यांच्या मधे जो मातीचा पट्टा सापडतो त्यातलं पाणी दोन्हीकडून ओढलं जातं. तो इतका दाबला जातो की त्यावर कुणी रोलर फिरवल्यागत कण एकमेकांत घट्ट बसतात.

उन्हाळ्यात चकती वितळते. तिची जागा फटीच्या रूपानं उरते आणि मधला दाबलेला पट्टा तसाच घट्ट राहतो. हेच तुमचे पापुद्रे. कण 'जागेवर' बसत नाहीत, कारण त्यांची जुनी जागाच मोडलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांतच सगळ्यात मोठा बदल होतो, पुढच्या फेऱ्या तीच घडी आणखी पक्की करतात.

खड्यावरच्या टोपीचं असं: वितळताना वरून झिरपणारं पाणी बारीक पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) घेऊन खाली येतं आणि तो खड्याच्या डोक्यावर बसतो. गोठताना खडा वर उचलला जातो, त्याच्या पोटाखाली बर्फ वाढतो. त्यामुळे खालच्या अंगाला बहुतेक वेळा पोकळीच असते. गोल पोकळ्या हवेच्या. माती वितळून पातळ झाली की अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात राहते. अशा गोल पोकळ्या खूप दिसल्या तर ती माती वितळताना ढासळलेली आहे असं आम्ही समजतो. ब्रिजिट व्हान व्हलीएत-लानोए या बाईंनी १९८० च्या दशकात या सगळ्या खुणा फार नेटक्या लावून ठेवल्यात.

शेंगदाणा

खड्याच्या डोक्यावर टोपी म्हणजे सायबेरियाचे खडे आपल्याच पंचायत समितीतले दिसतात.

मुरूमकर (लातूर)

मी बांधकामवाला. सूक्ष्मदर्शकाचं कौतुक आहे, पण आम्हाला शेवटी जमीन उचलणार का खचणार तेवढंच बघायचं असतं. थंड देशांतल्या रस्त्यांसाठी आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकात एक सोपा निकष दिला: ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असले तर साधारण माती धोक्याची समजा. चाळणी आणि हायड्रोमीटर यांवर काम भागतं.

आपल्याकडंही तसंच. काळीवर घर बांधायचं तर काळी काढा, मुरूम लागेपर्यंत जा, नाहीतर रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) आणलेल्या फुगीर तळाच्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घाला, म्हणजे वरची काळी कितीही नाचली तरी तळ हलत नाही. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये इमारती खांबांवर उभ्या करतात, खालून थंड वारा खेळावा आणि जमीन गोठलेलीच राहावी म्हणून. आपण नाचणाऱ्या थराच्या खाली पाय रोवतो, ते नाचूच देत नाहीत. कण कसे दिसतात हे न बघताही हे सगळं जमलंय.

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

मुरूमकर दादा, थोडी भांडते. कासाग्रांदेचा निकष चांगलाच आहे, पण तो गोठण्याआधीच्या मातीचा. एकदा गोठून वितळलेली माती वेगळीच असते, आणि ते चाळणीत दिसत नाही. चेंबरलेन आणि गाऊ या संशोधकांनी १९७९ मध्ये बारीक माती गोठवून-वितळवून मोजली. एकूण पोकळी कमी झाली, माती जास्त घट्ट झाली, आणि तरीही तिच्यातून पाणी जास्त वेगानं वाहायला लागलं! घट्ट मातीतून जास्त पाणी जातं हे फटी बघितल्याशिवाय कसं पटवणार? कचऱ्याच्या खड्ड्याखाली चिकणमातीचं अस्तर घातलंय आणि ते एका हिवाळ्यात गोठलं, तर तुमच्या चाळणीच्या भरवशावर खालचं भूजल सोडणार का?

मुरूमकर (लातूर)

अस्तराचा मुद्दा मान्य, तिथं बघावंच लागेल. घराच्या पायासाठी अजूनही चाळणीच म्हणेन. लातुरात अस्तर गोठायचं म्हटलं तर आधी हवामान खात्याला अर्ज करावा लागेल.

माळवद (बीड)

विषयांतर होतंय, पण पायाचं निघालंय म्हणून लिहितो. आमच्याकडं जुनी घरं पांढरीवर. गावठाणातली पांढरी माती फुगत नाही, म्हणून भिंतीला आणि माळवदाला तीच. काळी रानात, पांढरी गावात. आता प्लॉटिंगवाले थेट काळीच्या रानात घरं विकायलेत. एकानं स्वस्तात घेतलं, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीत एवढी फट की शेजारच्या खोलीतला टीव्ही दिसायचा. ठेकेदार म्हणाला, "व्हेंटिलेशन आहे."

वाफसा (परभणी)

😀 माळवदकाका, फटीचं पुराण चालू द्या. पण पातळछेद ताई, माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. गोठताना चिकणमाती कोरडी पडते म्हणता. काळी उन्हात कोरडी पडते. ओढ तेवढीच किंवा जास्त. मग काळीच्या भेगा उभ्या का आणि तिकडचे पापुद्रे आडवे का? आणि पहिल्या मृगाच्या पावसात काळीतलं सगळं पुसलं जातं, तिकडं हजारो वर्षं टिकतं, हे कसं?

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

काळीत पाणी हवेत उडून जातं. मागं काहीच उरत नाही, जमीन आकसते. उभ्या दिशेनं आकसली तर ती नुसती खाली बसते, भेग पडायचं कारण नाही. आडव्या दिशेनं आकसायला मात्र जागा नसते, म्हणून ती उभी फाटते. गोठताना पाणी उडून जात नाही. ते दोन बोटांवर जाऊन चकती बनून बसतं आणि ती चकती मातीला वर ढकलते. म्हणून आडवी घडी.

पण गंमत बघा, गोठणाऱ्या मातीतही उभ्या भेगा असतात! चिकणमाती जास्त असेल तर गोठणरेषेच्या खालची माती पाणी ओढलं गेल्यानं आकसते आणि उभी तडकते, अगदी आपल्या रानासारखी. मग त्या भेगांत बर्फ भरतो. आडव्या चकत्या आणि उभ्या शिरा मिळून जाळी तयार होते. कड्यात खणलेल्या गोठलेल्या भिंतीवर ही जाळी नुसत्या डोळ्यांनी दिसते. पोयटा असेल तर नुसत्या चकत्या. वाळूत दोन्ही नाही, पोकळीतलं पाणी असतं तिथंच गोठतं, कारण वाळू पाणी ओढूच शकत नाही. चिकणमाती ओढते जोरात पण पाणी सोडते हळू. पोयट्यात ओढही आहे आणि वाटही मोकळी, म्हणून सगळ्यात जाड बर्फ तिथं.

पुसलं जाण्याचं उत्तर खनिजात आहे. काळीतलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी मिळालं की आपल्या थरांच्या मधे पाणी घेतं आणि फुगतं. त्यामुळे ती दर पावसाळ्यात स्वतःची घडी मोडते. अगदी काहीच उरत नाही असं नाही हं. खोल खणा, ढेकळाच्या अंगावर तिरप्या, चकचकीत, घासल्यासारख्या बाजू दिसतील. फुगताना ढेकळं एकमेकांवर घसरतात त्याची ती खूण. उत्तरेतल्या पोयट्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक यांचा भरणा. ही खनिजं एकदा दाबली गेली की पाणी मिळालं म्हणून फुगून परत येत नाहीत. ब्रिटन, बेल्जियम आणि फ्रान्सच्या सखल भागात आज पर्माफ्रॉस्टचा पत्ता नाही, तरी हिमयुगात गोठलेल्या मातीत ते पापुद्रे आजही सापडतात.

तात्या हिंगोलीकर

म्हंजे काळी दर साल पाटी पुसती आन् ते पोयटं जुन्या सावकारासारखं सगळं ध्यानात ठिवतं. ताई, लई भारी समजून सांगायल्या तुमी. एक सांगा, तो गोठलेला थर किती खोल राहतो?

गोदाकाठ (पैठण)

तात्या, याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या गृहस्थानं पाण्यासाठी विहीर खणायला घेतली, १८२८ साली. १८३७ पर्यंत खणत राहिला. ११६ मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच. पाणी नाही लागलं. पुढं १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास तिथून रुळावर आला.

तात्या हिंगोलीकर

११६ मीटर अन् पाणी नाही! ह्यो शेर्गिन आमच्या शिवारातलाच म्हना की. बोअरवाल्याची गाठ नव्हती पडली त्याला, न्हाईतर आणखी १०० फूट म्हनला असता.

माळवद (बीड)

सगळं छान, पण प्रश्न विचारू का? आपल्याला काय त्याचं? तिकडं माती पापुद्र्याची असो नाहीतर गोळ्याची.

रेघोटी

काका, उत्तरेच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशात सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तो बाहेर यायला लागला तर आपला मृगसुद्धा त्यातून सुटायचा नाही. आणि किती वेगानं बाहेर येईल ते कणांच्या रचनेवरच अवलंबून आहे ना? फटी मोकळ्या असतील तर हवा-पाणी आत जाणार, पोकळ्या बंद असतील तर आतलं कुजणं हवेविना होणार, मिथेन जास्त.

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

रेघोटी, शाब्बास. त्यात एक भर. सगळीकडं हळूहळूच वितळतं असं नाही. काही ठिकाणी बर्फ मातीच्या एकूण पोकळीपेक्षाही जास्त असतो, कण बर्फात तरंगत असतात, एकमेकांना टेकलेलेही नसतात. तिथं बर्फ गेला की आधारच जातो. सगळा चिखल होऊन उतार वाहून जातो. सायबेरियातला बातागाय हा सुमारे एक किलोमीटर लांबीचा खड्डा तसाच. जंगल तोडल्यानं जमिनीवरची सावली गेली, तिथून सुरुवात झाली.

इथं फेअरबँक्सजवळ फॉक्स नावाच्या ठिकाणी अमेरिकन लष्करानं १९६० च्या दशकात पर्माफ्रॉस्टमधे खोदलेला बोगदा आहे. आत गेलं की पहिला येतो तो वास, हजारो वर्षं गोठून राहिलेल्या मुळ्या-पाल्याचा कुबट वास. भिंतीत चकत्या, जाळी, बर्फाच्या पाचरी, सगळं उघडं. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा गाइडचं बोलणं ऐकायचं सोडून भिंतीला नाक लावून उभी होते.

वाफसा (परभणी)

हे तुम्ही बघता कसं पण? गोठलेला नमुना भिंगाखाली धरला की वितळणारच.

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

दोन वाटा. एक जुनी: नमुना गोठलेला ठेवूनच निर्वात पेटीत वाळवायचा, म्हणजे बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन जातो आणि रचना हलत नाही. मग राळ ओतायची, ती कडक झाली की कापून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासायचं. ऑस्ट्रियाच्या कुबिएनांनी १९३० च्या दशकात मातीच्या पातळ छेदांची जी विद्या उभी केली तीच ही.

दुसरी वाट क्ष-किरणांची, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचीच बारीक आवृत्ती. नमुना थंड ठेवून फिरवत फोटो घ्यायचे. यात तो न मोडता पूर्ण घनाकार दिसतो, हवेचे बुडबुडे तर फारच स्पष्ट. अडचण अशी की बर्फ आणि कुजलेला पाला दोघंही क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच दिसतात. आणि कणाभोवतीचा तो न गोठलेला पापुद्रा, ज्यानं हे सगळं घडवलं, तो इतका बारीक की अजिबात दिसत नाही. मला विचाराल तर जुनी वाट अजून सोडू नये. स्कॅनचे रंगीत फोटो मासिकात छान दिसतात, पण खड्यावरची टोपी ओळखायला पातळ छेदच हवा.

मुरूमकर (लातूर)

बघा, चाळणी स्वस्त पडते म्हणत होतो ते यासाठीच.

रेघोटी

मला हे करून बघायचंय. घरी डीप फ्रीजर आहे. डब्यात ओली काळी माती भरून ठेवली तर चकत्या दिसतील का?

शेंगदाणा

आईनं कुल्फीसाठी आटवलेलं दूध कुठं ठेवायचं ते आधी ठरव.

गोदाकाठ (पैठण)

नुसता डबा ठेवला तर नाही दिसणार. सगळ्या बाजूंनी एकदम गोठेल, पाण्याला हलायला वेळच मिळणार नाही आणि जिथल्या तिथं दगड होईल. थंडी एकाच दिशेनं आणि सावकाश यायला हवी.

पातळछेद (मूळ नांदेड, सध्या अलास्का)

गोदाकाठ सर म्हणतात तसंच. उभा प्लास्टिकचा नळकांड्यासारखा डबा घे, तळाला भोकं पाड. बाजूनं जाड थर्माकोल गुंडाळ, वरचं तोंड उघडं ठेव. तळ ओल्या वाळूच्या ताटलीत बसव आणि ताटलीखालीही थर्माकोल, म्हणजे खालचं पाणी गोठायच्या आत वर ओढलं जाईल. फ्रीजर सगळ्यात कमी थंडीवर.

आणि काळी नको घेऊस. काळीतून पाणी फार हळू सरकतं, तुझा धीर आधी संपेल. दुधना नाहीतर पूर्णेच्या काठचा बारीक गाळ आण, बोटात चोळल्यावर पिठासारखा लागतो तो. डबा उभा चिरताना वितळू देऊ नकोस, गरम सुरी अजिबात नको. फोटो इथंच टाक, मोजपट्टी शेजारी ठेवून.

रेघोटी

पूर्णा जवळ आहे. रविवारी गाळ आणते. आईला 'प्रॅक्टिकल' सांगितलंय, कुठल्या विषयाचं ते नाही सांगितलं.

वाफसा (परभणी)

गाळाच्या शेजारी एक डबा काळीचाही ठेव, धीर संपला तरी चालेल. ताई जाळी म्हणाल्या, ती काळीत उमटते का ते बघायचंय. काळी माझ्या रानातली देतो.